पिवळा दिवा आणि ऑक्सिजन सेन्सरची साक्ष

मोटारगाडी ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. वाहनकर्जाचे हप्ते नियमितपणे भरणारे आपले असंख्य ग्राहक ती रोजच्या गरजेपोटी वापरतात. हप्ता, विमा आणि पेट्रोल यांचा मेळ घालताना दुरुस्तीचे अनपेक्षित बिल त्यांना अधिकच जाचते. असे बिल पुष्कळदा डॅशबोर्डवरील पिवळ्या ‘चेक इंजिन’ दिव्यापासून सुरू होते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, ऑक्सिजन सेन्सरशी निगडित संकेतांक उमटतो आणि ‘सेन्सर गेला, बदलावा लागेल’ असा निकाल मिळतो. काही हजार रुपये खर्ची पडतात आणि काही दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. लेखापरीक्षकाने तफावत दाखविली म्हणून लेखापरीक्षकच बदलावा, तसा हा प्रकार होय. कारण सेन्सर अनेकदा खरेच बोलत असतो.

पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोलचे प्रमाण याहून वाढले की मिश्रण ‘रिच’ झाले असे म्हणतात. कार्बोरेटरच्या काळात चोक ओढलेलाच राहिला की गाडीची जी अवस्था होई, तीच ही: सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास, काजळलेले प्लग आणि घसरलेले अ‍ॅव्हरेज. आजच्या गाडीत चोकची जागा संगणकाने घेतली आहे. धूर बाहेर पडण्याच्या मार्गात बसविलेला ऑक्सिजन सेन्सर हे त्या संगणकाचे नाक. त्यातील झिर्कोनियाचा घटक धुरातील व बाहेरच्या हवेतील ऑक्सिजनची तुलना करून अल्पसा विद्युतदाब निर्माण करतो. सुमारे ०.४५ व्होल्ट ही मध्यरेषा, ०.९ च्या आसपास म्हणजे पेट्रोल जास्त, ०.१ च्या आसपास म्हणजे हवा जास्त. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या अमेरिकेसाठीच्या गाड्यांत प्रथम बसविला गेला. अनेक नव्या गाड्यांत निराळ्या धाटणीचा, अधिक सूक्ष्म सेन्सर असतो. त्याचे आकडे वेगळे, काम मात्र तेच.

या सेन्सरच्या सांगण्यावरून संगणक पेट्रोल कमी-अधिक करतो. ही दुरुस्ती टक्केवारीत मोजली जाते व तिला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. उणे आकडा म्हणजे पेट्रोल कापले जात आहे. उणे पाच-सात नित्याचे समजावे. परंतु आकडा उणे वीस-पंचवीसच्या घरात गेला, तरीही मिश्रण रिचच राहिले, की संगणक हात टेकतो आणि ‘पी ०१७२’ हा संकेतांक नोंदवितो. त्याचा अर्थ ‘बँक १ मध्ये मिश्रण अति रिच’ असा आहे. (ही ‘बँक’ आपली नव्हे! ज्या रांगेत पहिला सिलिंडर असतो, ती रांग म्हणजे बँक १.) ‘पी ०१३२’ हा संकेतांक मात्र निराळा. सेन्सरच्या मंडलातील विद्युतदाब प्रमाणाबाहेर चढून राहिला आहे, एवढेच तो सांगतो. तेथे वायरचा दोष, बिघडलेला सेन्सर किंवा खरोखरचे जादा पेट्रोल, यांपैकी काहीही असू शकते. जाणकार मेकॅनिक अशा वेळी इंजिनाची एखादी बारीक हवेची नळी क्षणभर सैल करतो. विद्युतदाब चटकन खाली आला, तर सेन्सर जिवंत आहे.

आमच्या शाखेतील एका सहकाऱ्याच्या सात वर्षांच्या पेट्रोल गाडीत ‘पी ०१७२’ आला. एका गॅरेजने सेन्सर बदलून दिला; तीन आठवड्यांत दिवा परत हजर. दुसऱ्या मेकॅनिकने आधी त्यांची हकिकत ऐकून घेतली. पेट्रोल भरून निघताना गाडी चालू व्हायला कुरकुर करते, हे त्याने नेमके टिपले. मग स्कॅनरवर चालू आकडे पाहिले. गाडी उभी असताना ट्रिम उणे २२, इंजिन २५०० फेऱ्यांवर नेताच उणे ६. इंधनाचा दाबच जास्त असता, तर आकडा दोन्हीकडे वाईट दिसला असता. येथे जादा पेट्रोल थोडे व ठरावीक होते. हवा वाढली की ते तिच्यात लपून जाई. गळका इंजेक्टर असाच वागतो, आणि टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्हदेखील. मेकॅनिकने त्या व्हॉल्व्हची नळी चिमट्याने दाबली. काही मिनिटांतच ट्रिम शून्याजवळ आला. व्हॉल्व्ह बंदच होत नव्हता. तो बदलण्याचा खर्च सेन्सरच्या मानाने किरकोळ होता.

पंपावरील नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘राउंड फिगर’ करण्यासाठी आणखी पेट्रोल ओतून घेण्याची आपल्याकडील सवय येथे आठवते. वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात त्यामुळे द्रवरूप पेट्रोल शिरते, आणि तो डबा व हा व्हॉल्व्ह दोन्ही खराब होऊ शकतात.

साक्षीदार कधी फसतो, हेही सांगितले पाहिजे. सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीला चीर असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, संगणक विनाकारण पेट्रोल वाढवितो आणि इंजिन प्रत्यक्षात रिच चालते. अशा वेळी ट्रिम अधिक दिसेल आणि प्लग मात्र काळे निघतील. हे दोन पुरावे परस्परांशी जुळत नसतील, तर प्रथम ती चीर शोधावी. इंजिनाचे तापमान सांगणारा सेन्सर तापलेल्या इंजिनाला ‘थंड’ म्हणू लागला, तरी पेट्रोल वाढते. स्कॅनरवरील तापमान पाहिले की हे तत्काळ कळते.

दिवा दिसत असूनही तसेच गाडी हाकणे महागात पडते. न जळालेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो तापतो व निकामी होतो. त्याची किंमत सेन्सरच्या कित्येक पट असते. काही पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ करते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइलही बदलून घ्यावे. धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. त्यामुळे अशी गाडी बंद गॅरेजात चालू ठेवू नये.

गॅरेजमध्ये गेल्यावर ग्राहकाने एवढे अवश्य सांगावे, की संकेतांक पुसण्यापूर्वी त्याचा क्रमांक आणि त्यासोबत संगणकाने साठविलेली त्या क्षणाची नोंद, म्हणजे वेग, तापमान, इंजिनाच्या फेऱ्या व ट्रिम, जॉबकार्डवर लिहून द्यावी. संकेतांक पुसला की ही नोंदही जाते, आणि पुढच्या मेकॅनिकला तपास पहिल्यापासून करावा लागतो.