साहेब जातात, गठ्ठे राहतात

अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, सावेडीत कधीकाळी शेतं होती, हे आता जुन्या सात-बारांवरूनच कळतं. शेताचे प्लॉट पडले, प्लॉटवर बंगले झाले, बंगल्यांच्या जागी फ्लॅट उभे राहिले, आणि दर टप्प्याला सरकारदरबारी एक नोंद आली. म्हणून इथल्या घराघरांत एक प्रश्न ठरलेला असतो : "फाइल कुठपर्यंत आली?"

वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी मीही हाच प्रश्न घेऊन एका कार्यालयात खेपा घातल्या. अर्ज सापडत नव्हता. तो ज्यांच्याकडे होता त्या लिपिकांची बदली झालेली, आणि कपाटात काय काय आहे हे नव्या माणसाला कुणी सांगितलेलं नव्हतं. कुणी पैसे मागितले नाहीत की कुणी वाकडं बोललं नाही. पण काम होत नव्हतं. कायदा दिल्लीत होवो की मुंबईत, तो माझ्या घरी पोचतो तो अशाच कपाटातून, आणि तिथे तो अडकला की अडकला.

याच जिल्ह्यात हे कपाट एकदा नीट लावलं गेलं होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना इथे जिल्हाधिकारी होते. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, आज १४ तालुके. लखिनांनी आधी स्वतःची कचेरीच हाती घेतली. जुनं दप्तर उपसलं. काय ठेवायचं, काय नष्ट करायचं ते ठरवलं. टेबलांची मांडणी बदलली, कुणाच्या सहीने कोणतं काम सुटेल ते लिहून काढलं आणि कर्मचाऱ्यांना शिकवलं. 'लखिना पॅटर्न' हे नाव पुढे राज्यभर झालं.

त्याच शिस्तीतली सहा गठ्ठा पद्धत जवळून पाहावी अशी आहे. लिपिकाच्या टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात जातो : आपल्याकडे प्रलंबित असलेला, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारा, म्हणजे प्रतीक्षाधीन, ठरावीक मुदतीने पाठवायची नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात धाडायचा, आणि 'ड' वर्गातला, वर्षाने नष्ट करायचा. 'अ' वर्गाचा कागद कायम जपायचा, 'ब'चा तीस वर्षं. वरवर पाहता ही झाडलोट वाटेल. पण पहिल्या आणि दुसऱ्या गठ्ठ्यातला फरक मला फार मोलाचा वाटतो. काम माझ्यामुळे थांबलंय की दुसऱ्यामुळे, हे माणसाला रोज स्वतःच्या हाताने ठरवावं लागतं.

आपली प्रशासनाची घडण अशी की साहेब दोन-तीन वर्षांत जातात आणि लिपिक तीस वर्षं नोकरी करतात. सुधारणा साहेबाच्या उत्साहावर उभी असेल, तर बदलीच्या आदेशाबरोबर ती संपते. लखिनांच्या कामातलं जे लिपिकांच्या हातात उतरलं तेच टिकलं.

बदल्यांचं हे दुखणं कायद्यालाही कळलेलं आहे. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी लावलेल्या रेट्यानंतर राज्याचा २००५चा बदली आणि दफ्तर दिरंगाईचा कायदा आला. एका पदावर साधारण तीन वर्षं, आणि कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, असं तो सांगतो. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेही सनदी अधिकाऱ्यांना किमान निश्चित कार्यकाळ देण्याचे निर्देश दिले. पण कागद टेबलावर कोणत्या तारखेला आला हेच नोंदवलेलं नसेल, तर सात दिवस मोजायचे कुठून?

प्रत्येक थांबणं वाईट नसतं, हेही सांगायला हवं. फेरफाराची नोंद झाली की हितसंबंधितांना पंधरा दिवसांची नोटीस दिली जाते, तेव्हा कुठे मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. त्या पंधरा दिवसांत एखाद्या बहिणीचा हक्क वाचतो. तो वेळ कुणीही वाचवू नये. वाचवायचा तो कपाटातला वेळ.

संगणकाने तो आपोआप वाचत नाही. २०१८पासून डिजिटल सहीचा सात-बारा घरबसल्या मिळतो, आणि ती खरोखर मोठी सोय आहे. पण आठ टेबलांवरून फिरणारी फाइल पडद्यावर आणली, तर ती पडद्यावरही आठ ठिकाणीच फिरते. २०१७च्या सुमारास पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' मोहीम काढली, तेव्हाही सुरुवात कागद निवडून लावण्यापासूनच करावी लागली. लखिनांनंतर तीन दशकांनी तेच काम पुन्हा! एवढ्या मधल्या काळात किती अर्ज कुठे पडून राहिले असतील, या विचाराने जीव कळवळतो.

माझा अर्ज अखेर निवृत्तीला आलेल्या एका बाईंना सापडला, अभिलेख कक्षात जायच्या गठ्ठ्यात. त्यांनी तो झटकला, पहिल्या गठ्ठ्यात ठेवला, नोंदवही उघडून आजची तारीख घातली. मग शेजारच्या नव्या मुलाला खुर्ची ओढून जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "हे बघ, हा इथे का जातो ते सांगते."