शिरस्त्राणाची कुळकथा

पुणेकर मनुष्य पुष्कळ सोसेल, पण त्याच्या डोक्यावर कोणी काही लादलेले त्याला खपणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम दुचाकीवर हेल्मेट घाला असे स्वच्छ सांगते. तरी जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी त्याची कडक अंमलबजावणी आरंभताच या शहरात मोर्चा निघाला! मान दुखते, मागचा भोंगा ऐकू येत नाही, केस गळतात, आणि गावातल्या गर्दीत वेग असतो तरी कुठे? आमचे शेजारी तर हे सारे मुद्दे एका दमात सांगत.

या वादात मला नेहमी आठवतात ते डॉक्टर ह्यू केर्न्स. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, मेंदूवरच्या शस्त्रक्रियेत इंग्लंडमध्ये नाव काढलेले. १३ मे १९३५ रोजी 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स डॉर्सेट परगण्यातल्या एका रस्त्यावरून आपली ब्रफ सुपीरिअर फटफटी हाकीत चालला होता. समोर सायकलवर दोन पोरे आली, त्यांना चुकवताना तो उडून पडला. डोके उघडे होते. महायुद्धातून सुखरूप आलेला हा गडी सहा दिवस बेशुद्ध राहून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत केर्न्स होते.

दुसरे महायुद्ध सुरू झाले, दिवे मालवलेल्या रस्त्यांवरून लष्कराचे निरोपे फटफट्या पळवू लागले, आणि केर्न्सनी हिशेब मांडला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ फटफटीस्वार व मागे बसणारे रस्त्यावर मेले होते, आणि डोक्याचा मार हेच त्यातले मुख्य कारण होते. हेल्मेट घालून जखमी झालेले त्यांना अवघे सात सापडले. सातही जगले. सातांवरून सिद्धांत बांधायचा नसतो, हे त्यांना कळत होते. पण १९४१ मध्ये त्यांनी ते छापले आणि त्याच वर्षी लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये तो कायदा व्हायला १९७३ साल उजाडले. केर्न्स १९५२ मध्येच वारले होते. तेव्हा हट्टीपणा ही काही एकट्या पुण्याची मिरासदारी नव्हे!

आता त्या 'वेग कुठे असतो'चे पाहू. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. गाडी उभी असताना तो नुसता कलंडला, तरी डोके रस्त्यावर आदळते ते ताशी जवळजवळ वीस किलोमीटर वेगाने. कवटी जागच्या जागी थांबते. आतला मेंदू मात्र पुढे जातच असतो, आणि घात होतो तो तिथे. हेल्मेटच्या आत जो थर्मोकोलसारखा जाड थर असतो तो अशा वेळी चिरडतो, आणि चिरडायला लागतो तेवढा क्षणाचा अंश डोक्याला थांबायला जास्त मिळतो. एवढीच त्याची करामत. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून जबर आदळलेले हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसले तरी टाकून द्यावे. जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो.

आपल्या देशात २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दुचाकीवर गेले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. नवरा हेल्मेटात आणि मागे बायको उघड्या डोक्याने, मांडीवर मूल, हा देखावा मला तरी पाहवत नाही. चार वर्षांवरच्या मुलालाही कायद्याने हेल्मेट हवेच.

आणि पट्टा! हनुवटीखाली न बांधलेले हेल्मेट धन्याच्या आधीच गाडीवरून उडी मारते. आमच्या शेजाऱ्यांनी शेवटी दंडाच्या धाकाने रस्त्याच्या कडेचे एक स्वस्तातले घेतले, त्यावर आय.एस.आय.चा शिक्का नव्हता. मी त्यांना पट्टा घट्ट बांधायला लावला, मागून दोन्ही हातांनी धरून पुढे लोटले, तर ते अलगद माझ्या हातात आले. "सैलच बरे वाटते हो!" म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र त्यांच्या घरी दोन नवी आली होती, आणि वहिनी आपला अंबाडा सोडून आरशापुढे मापाची खात्री करून घेत होत्या.