तीन धातूंचे एक क्रियापद

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोकून ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांनी ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वेअर’ आणि ‘बी’ ही रूपे एकाच क्रियापदाची म्हणून निमूटपणे पाठ केली. परंतु ज्यांच्या चेहऱ्यांत सख्ख्या नात्याची खूण शोधूनही सापडत नाही, अशी ही मंडळी एका खातेउताऱ्यावर कशी चढली, हे विचारण्याची सोय त्या वर्गांत नव्हती. हे क्रियापद मुळात एक नव्हेच. तीन स्वतंत्र धातूंची मिळकत कालांतराने एका नावावर जमा झाली, आणि ते तिन्ही धातू संस्कृतात आजही अस्, भू आणि वस् या नावांनी वेगवेगळे नांदत असल्यामुळे, त्यांचे दप्तर तपासण्यास आपल्यासारखा सोयीचा वाचक दुसरा नाही.

‘इज’ म्हणजे आपले ‘अस्ति’. लॅटिनचे ‘एस्ट’ आणि ग्रीकचे ‘एस्ति’ ही त्याचीच भावंडे. ‘अ‍ॅम’ म्हणजे ‘अस्मि’; आणि जुन्या इंग्रजीत ‘आहेत’ या अर्थी वापरले जाणारे ‘सिंड’ हे तर ‘सन्ति’ शेजारी ठेवल्याबरोबर ओळखू येते. ‘बी’ हा भू होय. त्याचा प्राचीन अर्थ वाढणे, उगवणे, होणे असा होता. ‘वॉज’ हा वस्, म्हणजे राहणे, मुक्काम करणे. ‘असणे’ ही आज आपल्याला सर्वांत अमूर्त वाटणारी कल्पना. परंतु तिच्या दोन शाखा अशा उगवण्याच्या आणि वस्ती करण्याच्या रोकड्या अनुभवातून फुटलेल्या आहेत, याचे मला तत्त्वज्ञानाच्या पुष्कळ ग्रंथांहून अधिक अप्रूप वाटते. भू धातूचा विस्तार तर विलक्षण आहे. संस्कृतात त्याने भूमी, भवन आणि भूत दिले, तर इकडे ‘नेबर’ या शब्दातील उत्तरार्ध, ‘हजबंड’ मधील घरधनी आणि व्हिट्बी, ग्रिम्स्बी या डॅनिश वसाहतींच्या नावांतील शेवटचे अक्षर, ही सारी त्याचीच वतने.

जुन्या इंग्रजीत वर्तमानकाळाची दोन चलने एकाच वेळी चालत. एखादी गोष्ट या क्षणी आहे असे सांगावयाचे असल्यास अस् ची रूपे येत; ती पुढे होणार आहे किंवा सदासर्वदा होतच असते असे म्हणावयाचे असल्यास बहुधा भू ची. भूतकाळ मात्र सर्वस्वी वस् च्या अंमलाखाली. धातूंनी अशी एकमेकांची जागा भरून काढणे हा काही इंग्रजांचा विक्षिप्तपणा नव्हे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात अस् च्या जागी विशिष्ट प्रत्ययांपूर्वी भू येतो असा स्पष्ट आदेश दिला आहे, आणि म्हणूनच ‘अस्ति’चा भविष्यकाळ ‘भविष्यति’ होतो. फार लांब कशाला, आपण स्वतः ‘आहे’, ‘होता’ आणि ‘असेल’ म्हणतो, तेव्हा त्यांतील ‘होता’ हा भू च्या घराण्यातला आहे, याची आपल्याला जाणीवही नसते.

‘वॉज’चे अनेकवचन ‘वेअर’ का, ‘स’काराचा ‘र’कार कोणी केला, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक, परंतु त्याच्याच जातीच्या विसंगतींनी जर्मन पंडितांना बराच काळ सतावले होते. त्याचे उत्तर कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकाने १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिले, आणि ते त्याला सापडले वैदिक स्वरांत. वेदातील परोक्ष भूतकाळात एकवचनी उदात्त धातूवर असतो, अनेकवचनी तो प्रत्ययावर सरकतो. ‘वेद’ आणि ‘विद्म’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. प्राचीन जर्मानिक भाषेतही हाच स्वरभेद होता, आणि जेथे आघात व्यंजनानंतर पडे तेथे ‘स’ मृदू होऊन शेवटी ‘र’ झाला, हे व्हेर्नरने दाखवून दिले. पुढे त्या भाषांतून तो संचारी स्वर नाहीसा झाला. उरला तो केवळ ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांच्यामधील दुरावा. वैदिक पाठशाळांतून शतकानुशतके स्वरासहित घोकंपट्टी करणाऱ्यांना, आपण लंडनच्या बोलण्यातील एका व्यंजनाची साक्ष जपत आहोत, हे कोणी सांगितले असते तर ते खचित हसले असते.

‘आर’ची कथा थोडक्यात सांगता येते. ते उत्तर इंग्लंडचे. दक्षिणेत ‘दे बी’ असेच म्हणत. उत्तरेचे रूप हळूहळू खाली उतरले, तरी १६११ च्या बायबलात दोन्ही प्रकार आढळतात.

अर्थांच्या बाबतीत या क्रियापदावर तर्कशास्त्र्यांचा रोष दिसतो. अस्तित्व, तादात्म्य आणि गुणारोप ही तीन कामे एकाच कारकुनाकडे सोपवली गेली, अशी त्यांची तक्रार. १९१९ साली बर्ट्रांड रसेलने तर यास मानवजातीला लांच्छन ठरवले, आणि १९६५ मध्ये डेव्हिड बोरलंडने हे क्रियापद संपूर्ण वर्ज्य केलेल्या इंग्रजीचा पुरस्कार केला. मला हा उपाय रोगापेक्षा जालीम वाटतो. ऐकणाऱ्याला संदर्भावरून जे सहज कळते, त्यासाठी भाषेचा कणा काढून ठेवण्याचे प्रयोजन नाही.

खरी उलथापालथ झाली ती साहाय्यक क्रियापदाच्या कारभारात. पूर्वी इंग्रज ‘ही इज कम’ म्हणे, म्हणजे थेट आपले ‘तो आला आहे’. नंतर तेथे ‘हॅव’ने ठाणे मांडले. घर बांधले जात असल्यास ‘द हाउस इज बिल्डिंग’ एवढ्यावर भागे. ‘इज बीइंग’ असा दुहेरी जोड अठराव्या शतकाच्या अखेरीस डोके वर काढतो. रॉबर्ट साउदीच्या १७९५ च्या एका पत्रात, न्हाव्याकडून दाढ उपटली जात असलेल्या माणसाच्या उल्लेखात तो दिसतो. रिचर्ड ग्रँट व्हाइटसारख्या अमेरिकन शुद्धिवाद्याने १८७० मध्ये त्यावर झोड उठवली, पण लोकांनी ती मनावर घेतली नाही. मात्र ‘हॅज बीन बीइंग बिल्ट’ म्हणताना आजही सुशिक्षित इंग्रज अडखळतो. त्यातील ‘बीन’ भू चे, ‘बीइंग’ भू चे, आणि ‘बिल्ट’ देखील, भवनाच्या वाटेने का होईना, भू चेच.