सिंगापूरची पंगत

सिंगापूरमधलं हॉकर सेंटर जन्माला आलं ते स्वच्छतेच्या निकडीतून. १९६८-६९ मध्ये सरकारने रस्त्यावरच्या सुमारे १८ हजार फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना नळ, वीज, गटार असलेल्या छपराखाली हलवलं. चिनी, मलाय आणि तमिळ गाळे असे शेजारी-शेजारी आले. टेबलं मात्र कुठल्याच गाळ्याच्या मालकीची नसतात. २०२० मध्ये युनेस्कोने ही संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

या देशातल्या चार माणसांमागे एकाहून अधिक माणूस ना नागरिक आहे, ना कायमचा रहिवासी. कामासाठी आलेल्या अशा माणसाची पहिली ओळख बहुधा दुपारच्या जेवणाला होते. इथली पंगत आपल्या पंगतीच्या नेमकी उलट. आपल्याकडे सगळ्यांच्या पानात सारखेच पदार्थ, आणि कोणी कोणाच्या पंगतीला बसायचं हा पिढ्यान्‌पिढ्या जातीचा प्रश्न. हॉकर सेंटरमध्ये टेबल एक आणि ताट ज्याचं त्याचं. एकाने भात-कोंबडी आणावी, दुसऱ्याने मलाय नासी लेमाक, तिसऱ्याने डोसा. दुसऱ्याचं खाणं पसंत असण्याची अट नसल्यामुळे ओळख सोपी होते.

जागा धरायची रीत कोणाही मराठी माणसाला कळेल. एसटीच्या खिडकीतून आपण रुमाल टाकतो, तसा इथे टेबलावर कागदी रुमालांचा पुडा ठेवला जातो. याला ‘चोप’ करणं म्हणतात. पुड्याला कोणी हात लावत नाही. टेबल भरलेलं असलं तर अनोळखी माणसाला विचारून समोर बसायचं. गाळ्यावरच्या वडीलधाऱ्यांना ‘अंकल’, ‘आंटी’ म्हणायचं, हेही शिकवावं लागत नाही.

शिकावी लागते ती कॉफीची भाषा. नुसती ‘कोपी’ मागितली तर गोड घट्ट डब्याच्या दुधाची मिळते. बिया साखर आणि मार्गरिनमध्ये काळ्याभोर भाजलेल्या असतात, आणि लांब कापडी पिशवीतून ती गाळली जाते. ‘ओ’ म्हणजे होक्कियन या चिनी बोलीत काळी, बिनदुधाची. ‘कोसोंग’ हा मलाय शब्द, अर्थ रिकामं, इथे बिनसाखरेची. ‘पेंग’ म्हणजे बर्फ. ‘कोपी-ओ-कोसोंग-पेंग’ असं एका दमात म्हणणारा परदेशी माणूस दोन भाषा एका कपात मागवत असतो. ते चुकीच्या क्रमाने म्हणून रांगेतल्या माणसाकडून दुरुस्त करून घेणं, ही इथली फार जुनी आणि बिनखर्चाची ओळखपाळख आहे.

पदार्थांतही हीच सरमिसळ. माशाच्या डोक्याची करी १९४९ मध्ये गोमेझ नावाच्या केरळी खानावळवाल्याने सुरू केल्याचं सांगतात: मसाला मल्याळी, डोक्याची आवड चिनी गिऱ्हाइकांची. ‘रोटी प्राटा’ म्हणजे दक्षिणेतला पदर सुटलेला परोटा. तो करीबरोबर खातात, तसाच साखरेबरोबरही. तूप-साखर-पोळीवर वाढलेल्याला त्यात नवल वाटू नये. ‘इंडियन रोजक’ मात्र भारतात शोधूनही सापडणार नाही. तळलेल्या भज्यांवर रताळ्याची गोड-तिखट चटणी, हा सिंगापुरी तमिळ मुसलमानांचा हातखंडा.

शाकाहाऱ्याची वाट थोडी अडचणीची. पालेभाजीच्या ताटलीतही ‘बेलाचान’ म्हणजे वाटलेल्या कोलंबीचा खारवलेला गोळा असू शकतो, म्हणून विचारून घ्यावं. पण चिनी बौद्ध शाकाहारी गाळे जवळपास सगळीकडे असतात, आणि त्यांतले परंपरा पाळणारे कांदा-लसूणही वापरत नाहीत. चातुर्मास पाळणाऱ्याची सोय टोफूच्या गाळ्यावर व्हावी, ही मौज आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी या गाळ्यांपुढची रांग वाढते, कारण एरवी मांस खाणारे अनेक चिनी त्या दिवशी शाकाहार करतात. उपासाचे वार आणि तिथ्या सांभाळणाऱ्या मराठी माणसाला सहकाऱ्याशी बोलायला याहून चांगला विषय नाही.

चिनी नववर्षात कार्यालयांमधून ‘यूशंग’ मागवतात: कच्च्या माशाचे काप, किसलेला मुळा-गाजर, कुरकुरीत तुकडे, आलुबुखाराची आंबटगोड चटणी. सगळ्यांनी उभं राहून काड्यांनी ते उंच उडवायचं. जितकं उंच, तितकी भरभराट. टेबल भरपूर घाण होतं. आजच्या रूपात हा पदार्थ १९६४ मध्ये सिंगापूरच्या चार आचाऱ्यांनी रूढ केला, असं तिथे मानतात. मलेशियाचाही त्यावर दावा आहे. बिनमाशाचाही मिळतो. दीपावलीलाही सुट्टी असते, आणि चकली ‘मुरुक्कू’ म्हणून आधीच सगळ्यांच्या ओळखीची असल्याने कार्यालयात नेलेला डबा लवकर रिकामा होतो.

या ओळखींना मर्यादा आहेतच. जेवणाची सुट्टी संपली की बरीचशी मैत्री टेबलावरच राहते, आणि कामाचा परवाना संपला की माणूसच निघून जातो. हॉकर सेंटरमधला गाळा फक्त नागरिकाला किंवा कायम रहिवाशाला घेता येतो, त्यामुळे नवा परदेशी कितीही सुगरण असला तरी तो गिऱ्हाईकच राहतो. गाळेवाल्यांचं सरासरी वय साठीच्या घरात आहे, आणि पहाटेपासून राबायला तरुण मुलं फारशी तयार नाहीत.

जेवण झाल्यावर टेबल आवरण्याचं बंधन २०२१ पासून कायद्याने लागू केलं जातं. ट्रे ठेवायला मांडण्या दोन असतात, एक हलाल आणि एक बाकीच्यांसाठी. एकाच टेबलावरून उठलेले मित्र तिथवर बरोबर जातात आणि आपापली भांडी वेगवेगळ्या मांडणीत ठेवतात.