सचेतपटाकडून पुस्तकाकडे

चौथीतील एक मूल 'तहानलेला कावळा' ही गोष्ट न अडखळता मोठ्याने वाचून दाखवते. पालक समाधानाने मान डोलावतात. परंतु "खडे टाकल्यावर पाणी वर का आले?" असे विचारताच ते मूल गप्प होते. त्याला अक्षरे येतात, शब्दही येतात. मात्र अर्थ हाती लागत नाही. वाचन आणि आकलन यांतील ही दरी आज आपल्या शाळांपुढील गंभीर प्रश्न आहे.

ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालानुसार सरकारी शाळांतील पाचवीच्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०२२ साली ३८.५ टक्के होते. २०२४ साली ते ४४.८ टक्के झाले. सुधारणा निश्चितच आहे. तरीही निम्म्याहून अधिक मुले मागेच आहेत, आणि वाचलेले समजणे ही तर त्यापुढील पायरी होय.

फिलिप गफ व विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली असे मांडले की, वाचनाचे आकलन हा दोन क्षमतांचा गुणाकार आहे : लिपी उलगडण्याची क्षमता आणि ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता. गुणाकारातील एक संख्या शून्य असली की उत्तरही शून्यच. ज्या घरात कादोडी, वाडवळी वा वारली बोलली जाते, तेथील मुलाला पुस्तकातील प्रमाण मराठी काहीशी परकी वाटणे स्वाभाविक आहे. सचेतपट म्हणजेच ॲनिमेशनच्या गोष्टी येथे साहाय्यभूत ठरतात. 'घडा', 'तळ', 'काठोकाठ' हे शब्द कानी पडत असतानाच त्यांचा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो.

आपल्याकडे हे माध्यम नवे नाही. विजया मुळे यांचा १९७४ सालचा 'एक अनेक और एकता' हा लघुपट दूरदर्शनवर पाहिलेली पिढी तो आजही विसरलेली नाही. पुढे १९९६ साली अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत प्रा. ब्रिज कोठारी यांनी पडद्यावर ऐकू येणारे शब्द त्याच भाषेत खाली लिहून दाखविण्याचा प्रकल्प हाती घेतला. याच तत्त्वावर त्यांच्या 'बुकबॉक्स' या संस्थेने बालकथांचे सचेतपट तयार केले. त्यांत शब्द उच्चारला जाताच त्याचे अक्षररूप उजळते. कान आणि डोळे एकाच वेळी शिकतात.

तथापि, येथे एक धोका संभवतो. पाणी वर चढताना चित्रातच दिसले, की खड्यांनी जागा व्यापल्यामुळे ते वर आले, हा विचार करण्याची गरजच मुलाला उरत नाही. पुस्तकात मात्र दोन वाक्यांमधील न लिहिलेला दुवा वाचकालाच जोडावा लागतो. हा दुवा जोडणे म्हणजेच आकलन. म्हणून गोष्ट नुसती 'लावून देणे' पुरेसे नाही.

शिक्षकांनी पहिल्या दिवशी गोष्ट मध्येच थांबवून "आता कावळा काय करील?" असे विचारावे. दुसऱ्या दिवशी आवाज बंद ठेवून मुलांना ती आपापल्या बोलीत सांगू द्यावी, व नंतर तेच शब्द प्रमाण मराठीत फळ्यावर लिहावेत. तिसऱ्या दिवशी पडदा बंद! तीच गोष्ट कागदावर वाचून घ्यावी आणि 'काय झाले?' याबरोबरच 'का झाले?' व 'खडे नसते तर?' हेही विचारावे. शेवटी चित्र न पाहिलेली, तेवढ्याच लांबीची नवी गोष्ट वाचावयास द्यावी. खरी कसोटी तीच.

पालकांनाही हे घरी करता येईल. मुलाच्या हाती भ्रमणध्वनी देऊन आपण कामाला लागण्याऐवजी पंधरा मिनिटे त्याच्या शेजारी बसावे, एक-दोन प्रश्न विचारावेत आणि गोष्ट संपताच पुस्तक उघडावे. पडद्यावरची गोष्ट मुलाला पुस्तकाच्या दारापर्यंत आणून सोडते. आत जाताना त्याला आपला हात हवा असतो.