सरवा वेचणारी मवाबी

तारण म्हटलं की पाप, क्षमा, स्वर्ग असे मोठे शब्द पुढे येतात. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात मात्र ते शेतात, खळ्यावर आणि गावच्या पंचांपुढे घडतं. पुस्तक अवघं चार अध्यायांचं.

बेथलेहेमात दुष्काळ पडतो, म्हणून अलीमलेख बायको नामी आणि दोन मुलांना घेऊन मृत समुद्रापलीकडच्या मवाब देशात जगायला जातो. मुलं तिथल्याच मुलींशी लग्न करतात. दहाएक वर्षांत घरातले तिन्ही पुरुष मरतात. नामी गावी निघते तेव्हा अर्पा ही सून रडत माहेरी वळते; रूथ सासूला सोडत नाही.

केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या छपाईचं काम तिथल्या बायकांनी केलं. त्यांत विधवा होत्या, दुष्काळातून आलेल्या मुली होत्या. हे पुस्तक त्यांच्या हातांखालून जाताना काय वाटलं असेल?

बेथलेहेमात मवाबी असणं साधं नव्हतं. मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, असं नियमशास्त्र सांगतं. कारण, इस्राएल लोक मिसरमधून येत असताना त्यांनी वाटेत भाकर-पाणी दिलं नाही. आणि अलीमलेखाचं घर दुष्काळात तगलं ते मवाबच्याच अन्नावर! पुढे ज्यू पंडितांनी तोडगा काढला: बंदी मवाबी पुरुषांना आहे, बायकांना नाही. कायद्याचं अक्षर न मोडता दार किलकिलं करायची ही हुशारी मला फार आवडते.

त्याच नियमशास्त्रात आणखी एक कलम आहे. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, गळालेली कणसं उचलायची नाहीत. तो सरवा गरिबांचा, परक्यांचा, विधवांचा. रूथ तिन्ही होती. जवाच्या सुगीत ती अलीमलेखाचा नातलग बवाज याच्या शेतात वेचायला जाते. तो मजुरांना बजावतो, पेंढ्यांतली कणसंही मुद्दाम गळू द्या. संध्याकाळी झोडपल्यावर तिच्याकडे एफाभर, म्हणजे सुमारे बावीस लिटर जव भरतात.

पुढे खळ्यावर रूथ बवाजाकडे आसरा मागते, पण खरा निवाडा होतो वेशीत. नातलगाची हातची गेलेली जमीन जवळच्या आप्ताने सोडवून घ्यावी, अशी रीत होती. बवाजापेक्षा जवळचा एक आप्त होता. बवाज दहा वडीलधाऱ्यांना बसवून त्याला अलीमलेखाच्या जमिनीबद्दल विचारतो. जमीन म्हणताच तो तयार. पण जमिनीबरोबर रूथलाही स्वीकारून मयताचा वंश चालवावा लागेल, हे कळताच आपल्या वतनाला धक्का बसेल म्हणून तो मागे सरतो आणि जोडा काढून देतो. हक्क सोडल्याची ती खूण. त्याचं नावही पुस्तक नोंदवत नाही. उलट, रूथच्या नावाला सारखं चिकटवलेलं ‘मवाबी’ या निवाड्यानंतर पुन्हा येत नाही.

तरी एक गोष्ट खटकते. शेवटच्या अध्यायात रूथ एक अक्षरही बोलत नाही. बवाजापासून तिला मुलगा होतो, तर शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला. परकीला घरात घेतलं, पण वंशाला दिवा दिल्यावरच, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

तो मुलगा ओबेद, त्याचा इशाय, आणि इशायाचा दावीद राजा. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ पुरुषांच्या नावांनी चालते, पण मरियेआधी तिच्यात चार बायका येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. राहाब ही यरीहोतली कनानी वेश्या. मत्तयाच्या नोंदीप्रमाणे बवाजाची आई तीच.