फटफटीचा दिवा आणि समोरच्याचे डोळे

अंबरनाथचे शिवमंदिर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ज्याच्या शिलालेखात शके ९८२ असे वर्ष कोरलेले आहे, ते शिलाहारांच्या काळातले काळ्या पाषाणाचे देऊळ. भर दुपारी बाहेरच्या उन्हातून तेथल्या सभामंडपात पाऊल टाकले, की क्षणभर काहीच दिसत नाही. खांब आहेत हे ठाऊक असते, खांबांवर कोरीव काम आहे हेही ठाऊक असते, पण डोळ्यांपुढे नुसता काळोख. मग हळूहळू एकेक आकृती उमटू लागते. पुढे गाभारा जमिनीच्या खाली आहे. वीसएक पायऱ्या उतराव्या लागतात. त्या पायऱ्या उतरताना घाईने आलेला माणूस हमखास चाचपडतो आणि थोडा वेळ थांबलेला माणूस नीट उतरतो.

देवळात थांबता येते. रस्त्यावर थांबता येत नाही. रात्री समोरून झगझगीत दिवा डोळ्यांवर आला, की आपले डोळे दिपतात आणि तो दिवा निघून गेल्यावरही काही सेकंद आपण त्या सभामंडपातच असतो. फटफटी ताशी ४० किलोमीटरने चालली असेल, तर ती एका सेकंदाला ११ मीटर जाते. तीन सेकंद आंधळेपणाचे धरले, तर ३३ मीटर रस्ता आपण केवळ दैवावर हवाला ठेवून कापतो. वय वाढते तसा हा आंधळेपणाही लांबतो.

हे मी पुस्तकात वाचले होते, वर्गात शिकवतही होतो. पण खरे कळले ते एका पावसाळी रात्री. माझ्या मोटारसायकलला मी हौसेने निळसर पांढऱ्या उजेडाचा नवा दिवा बसवून घेतला होता. बदलापूरहून अंबरनाथकडे येत होतो. समोरून एक दूधवाला सायकलवरून आला, डोळ्यांपुढे हात धरला आणि कॅनसकट रस्त्याकडेच्या चरात गेला. धावत जाऊन उठवले. सुदैवाने खरचटण्यावर निभावले, दूध मात्र गेले. तो मला म्हणाला, "अहो साहेब, तुमच्या उजेडानं माझा रस्ताच गेला की हो!" पदार्थविज्ञानाचा इतका नेमका धडा मला दुसऱ्या कोणी दिलेला नाही. दुधाचे पैसे दिले, आणि दुसऱ्या दिवशी दिवा खोलून बसलो.

तर या दिव्याच्या आत असते तरी काय, ते आता पाहू. रेडिओवर बोलताना चित्र काढता येत नाही, म्हणून आपण स्वयंपाकघरातला एक चमचा हातात घ्या. त्याची खोलगट चकचकीत बाजू म्हणजेच दिव्यातला आरसा, ज्याला मिस्त्री लोक रिफ्लेक्टर म्हणतात. या आरशाचा बाक साधा गोल नसतो. तो अन्वस्त या वक्राचा असतो. अन्वस्ताला एक नाभी असते. त्या नाभीत ठेवलेल्या ठिणगीचा उजेड आरशावर आपटून सरळ, समांतर झोत होऊन बाहेर पडतो. ठिणगी नाभीतून एखादा मिलिमीटर जरी हलली, तरी झोत भलतीकडे जातो. हा एक मुद्दा मनाशी पक्का धरून ठेवा. पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

आपल्या नेहमीच्या हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनच्या दोन बारीक तारा असतात. एक लांबच्या उजेडाची. ती नाभीत बसते आणि झोत सरळ पुढे टाकते. दुसरी जवळच्या उजेडाची, म्हणजे आपण 'डिपर मारला' म्हणतो त्या वेळची. ती नाभीच्या किंचित पुढे असते आणि तिच्या खाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. त्या वाटीमुळे उजेड आरशाच्या वरच्याच अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून खाली, रस्त्याकडे वळतो. समोरच्या माणसाचे डोळे राखणारी वस्तू ती एवढीशी वाटी. जळालेला बल्ब फेकण्यापूर्वी तो मुलांना जरूर दाखवा, काचेतून ती स्पष्ट दिसते.

आता या बल्बच्या जागी लोक काय बसवतात? पहिला प्रकार एचआयडीचा. याला झेनॉनचा दिवा असेही म्हणतात. यात तार नसतेच. क्वार्ट्झच्या छोट्या कुपीत झेनॉन वायू आणि काही क्षार भरलेले असतात. सुरुवातीला वीसएक हजार व्होल्टचा धक्का देऊन दोन टोकांमध्ये विजेचा लोळ पेटवतात. पुढे तो थोड्या दाबावर जळत राहतो. हे काम करणारी पेटी वेगळी असते, तिला बॅलास्ट म्हणतात. मोटारगाडीवर हा दिवा प्रथम १९९१ साली बीएमडब्ल्यू कंपनीने आणला. ३५ वॅटमध्ये हा सुमारे ३,००० ल्युमेन उजेड देतो. ५५ वॅटचा हॅलोजन जवळच्या झोतात सुमारे १,०००. म्हणजे कमी विजेत तिप्पट उजेड! मोह पडावा असाच हिशेब आहे. पण पूर्ण उजळायला त्याला काही सेकंद लागतात, आणि मुख्य म्हणजे त्या लोळाचा आकार आणि जागा हॅलोजनच्या तारेसारखी नसते. शिवाय बाजारी संचात ती वाटी बहुधा नसतेच. हॅलोजनसाठी घडवलेल्या आरशात असा लोळ ठेवला, की तिप्पट उजेड चारी दिशांना फाकतो. माझा दिवा हाच होता.

दुसरा प्रकार एलईडीचा. ही अर्धवाहकाची चकती. हिच्यात जळण्यासारखे काही नाही. निळा उजेड देणाऱ्या चकतीवर पिवळ्या रसायनाचा थर देतात आणि दोन्ही मिळून पांढरा उजेड होतो. तो निळा उजेड साधायला शास्त्रज्ञांना फार वर्षे लागली. ते साधल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एलईडी कमी वीज खाते, तत्काळ पेटते आणि नीट थंड ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते. 'नीट थंड ठेवली तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत बरं का. हॅलोजनची उष्णता काचेतून पुढे जाते. एलईडीची मात्र पाठीमागे साठते. म्हणून तिच्या पाठीला पन्हाळीदार ॲल्युमिनियम किंवा छोटा पंखा लागतो. तो चिखलाने भरला की उजेड मंदावतो आणि चकती अल्पायुषी होते.

एलईडीचेही दोन भेद करायला हवेत. कारखान्यातूनच एलईडीसाठी आरसा किंवा भिंग घडवून जो संपूर्ण दिवा येतो, तो उत्तम. पण हॅलोजनच्या खाचेत बसणारा जो सुटा 'एलईडी बल्ब' मिळतो, त्यात चकत्या एका पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या असतात. त्या तारेच्या नेमक्या जागी आल्या तर ठीक; नाही तर पुन्हा तीच कथा. जवळ पांढराशुभ्र, लांब अंधार आणि समोरच्याच्या डोळ्यांत टोचणी.

तिसरा शब्द प्रोजेक्टर. हा बल्बचा प्रकार नव्हे. बल्ब कोणताही असो, त्यामागची योजना वेगळी. यात आरसा लंबवर्तुळाच्या आकाराचा असतो. लंबवर्तुळाला नाभी दोन. एकीत दिवा ठेवला की सगळा उजेड दुसरीत गोळा होतो. तेथे पत्र्याचा एक पडदा उभा करतात. तो झोताचा खालचा भाग अडवतो. पुढे जाड भिंग असते आणि भिंग तर चित्र उलटे करते. तेव्हा रस्त्यावर खालचा नव्हे, वरचा भाग काळा होतो! भिंतीवर पाहाल तर सुरीने कापावी तशी रेघ दिसते, खाली उजेड, वर काळोख. समोरच्याचे डोळे त्या काळोखात सुरक्षित राहतात. मला विचाराल तर जास्त उजेड वापरायचा असेल, त्याने या मार्गाने जावे. मात्र घेताना एक गोष्ट पाहा. ही रेघ एका बाजूला थोडी वर चढलेली असते, कडेचा माणूस आणि पाटी दिसावी म्हणून. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्याकडे ती डावीकडे चढायला हवी. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी केलेला दिवा येथे लावला, तर तो चढलेला उजेड नेमका समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जातो.

उजेडाच्या रंगाबद्दल बाजारात मोठा गैरसमज आहे. खोक्यावर ६०००, ८००० असे आकडे असतात आणि गिऱ्हाईक म्हणते, "मला आठ हजारवाला द्या." हा आकडा केल्विनचा, म्हणजे रंगाचा, उजेडाचा नव्हे. आकडा चढतो तसा रंग निळा होत जातो आणि निळा करताना उजेड उलट थोडा घटतोच. निळसर उजेड डोळ्यांना जास्त खुपतो. आमच्याकडच्या पावसात तर विशेष, कारण ओल्या डांबरावर पाण्याचा थर आरसा होतो. आपला उजेड परत आपल्याकडे येतच नाही. तो पुढे घसरत समोरच्याकडे जातो. आपल्याला रस्ता काळा दिसतो, म्हणून आपण आणखी मोठा दिवा लावतो, आणि त्याला आणखी कमी दिसते.

शिवाय, उजेड दुप्पट केला म्हणून दुप्पट लांब दिसत नाही. दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड हवा असेल, तर दिवा चौपट लागतो. हे गणित नववी-दहावीच्या मुलांना सहज सांगता येईल.

मग करायचे काय? आधी आहे त्या दिव्याकडे पाहा. हॅलोजनला मिळणारा विजेचा दाब दहा टक्क्यांनी घटला, तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. आणि दहा टक्के कुठे जातात? बारीक वायरीत, गंजलेल्या जोडांत, हँडलवरच्या झिजलेल्या बटणात. मिस्त्रीकडून जोड साफ करून घ्या, अर्थिंग घट्ट करा, जाड वायर टाकून मध्ये रिले आणि फ्यूज बसवा. काच आतून बाहेरून स्वच्छ करा. आरशाचा मुलामा गेला असेल तर आरसा बदला. बल्ब मात्र मूळच्याच वॅटचा ठेवा. ३५ वॅटच्या जागी १०० वॅटचा घातला, तर तीन अँपिअरच्या जागी आठ अँपिअर वाहतात आणि बटण वितळते. पुष्कळ जुन्या गाड्यांत पुढचा दिवा बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोवर चालतो, म्हणूनच गाडी हळू झाली की तो मिणमिणतो. अशा गाडीवर एचआयडी किंवा एलईडी लावायची तर आधी वीजव्यवस्थाच बदलावी लागते.

कायद्याचेही सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मनमानी फेरफार करण्यावर बंधन घातले आहे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०६ व्या नियमाप्रमाणे दिव्याचा झोत असा खाली वळलेला हवा, की ८ मीटरवर, १.५ मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपू नये. यातला ८ मीटरचा आकडा आपल्याला उपयोगी पडणार आहे.

शिक्षकांनी हा प्रयोग शाळेच्या भिंतीवर जरूर करावा. सपाट जागी मोटारसायकल भिंतीपासून ८ मीटरवर सरळ उभी करा, चाकांत हवा पुरेशी असू द्या. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजा. समजा ८५ सेंटिमीटर आली. भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूने एक रेघ आणि तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ ओढा. संध्याकाळी जवळचा झोत लावा. उजेडाची वरची कड दुसऱ्या रेघेवर यायला हवी. आता समरूप त्रिकोण मांडा. ८ मीटरला १० सेंटिमीटर उतार, तर ८५ सेंटिमीटर उतरायला ६८ मीटर. म्हणजे उजेडाची कड ६८ मीटरवर रस्त्याला टेकेल. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात ब्रेक सुचायला आणि गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर पन्नासेक मीटर लागतात; ओल्यावर सत्तरच्या पुढे. पावसात वेग का कमी ठेवायचा, ते मुले या भिंतीवरच मोजतील.

मग गाडीवर डबलसीट बसवा आणि पुन्हा पाहा. मागचे स्प्रिंग ३ सेंटिमीटर दबले, आणि दोन चाकांतले अंतर सव्वा मीटर असले, तर भिंतीवरचा उजेड १९ सेंटिमीटर वर चढतो. म्हणजे खालच्या रेघेवर असलेली कड वरच्या रेघेच्याही ९ सेंटिमीटर वर गेली. नवा दिवा नाही, निळा बल्ब नाही, तरी समोरचा माणूस आंधळा! म्हणून दिव्याचा स्क्रू फिरवून झोत बसवताना, आपल्या मागे रोज जे कोणी बसते त्यांना बसवूनच तो बसवावा. आमच्या घरी या कामासाठी सौभाग्यवतींना अर्धा तास भिंतीसमोर बसून राहावे लागले, आणि कड खालच्या रेघेवर आणायला स्क्रूचे दोन पूर्ण फेरे द्यावे लागले.